ढगात शिरण्याआधी: छोट्या विमानाच्या पॅनलवर कायद्याने काय हवं?

निरभ्र दिवशी छोटं विमान उडवणाऱ्याला पॅनलकडे फारसं बघावं लागत नाही. समोर क्षितिज असतं, खाली रस्ते, नद्या, शेतं असतात. पंख सरळ आहेत की कललेत, हे डोळ्यांना आपसूक कळतं. ढगात शिरलं की हे सगळं एका क्षणात पुसलं जातं. मग उरतो तो फक्त आतल्या कानाचा अंदाज, आणि या कामात तो साफ कुचकामी. विमान अगदी हळूहळू कललं तर कानाला पत्ताच लागत नाही. पायलटने ते सरळ केलं, की उलट बाजूला कलल्यासारखं वाटतं. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने एक प्रयोग केला. यंत्रांवर उडण्याचं शिक्षण न घेतलेल्या २० पायलटांना त्यांनी नकली ढगात नेलं. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले.

म्हणून कायदा उड्डाणाचे दोन प्रकार मानतो. बाहेर बघून उडायचं ते व्हीएफआर आणि यंत्रं बघून उडायचं ते आयएफआर. दुसऱ्या प्रकारासाठी पायलटला वेगळं रेटिंग लागतं. विमानालाही जास्तीची उपकरणं लागतात, आणि इथे आपण फक्त या उपकरणांबद्दल बोलणार आहोत. नियम अमेरिकेचे आहेत. छोट्या विमानांचा पसारा तिथे सर्वात मोठा आहे, आणि फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोनात शिकायला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना पहिल्या महिन्यातच हे कलम पाठ करावं लागतं. बारामती किंवा गोंदियाला शिकणाऱ्यांना मात्र डीजीसीएचे, म्हणजे भारताच्या विमान नियामकाचे, नियम लागू होतात. तिथे हा लेख दाखवून कुणाशी वाद घालू नये.

कलमाचा क्रमांक ९१.२०५. ते लागू होतं स्टँडर्ड प्रमाणपत्र असलेल्या इंजिनवाल्या विमानांना, म्हणजे सेसना १७२, पायपर आर्चर वगैरे. घरी बांधलेल्या एक्सपेरिमेंटल विमानांना ते थेट लागू नाही. पण त्यांच्या परवान्याबरोबर येणाऱ्या अटींमध्ये सहसा असं लिहिलेलं असतं, की रात्री किंवा आयएफआर उडायचं तर ९१.२०५ प्रमाणे सामान बसवा. थोडक्यात, सुटका नाही.

यादी तीन थरांची आहे. सर्वात खाली दिवसाचं व्हीएफआर, त्यावर रात्रीचं व्हीएफआर, आणि सर्वात वर आयएफआर. इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. आयएफआर म्हटलं की रात्रीची यादीही आलीच, असं अनेक जण धरून चालतात. तसं नाही. दिवसा आयएफआर उडायचं तर दिवसाची यादी आणि आयएफआरची यादी पुरते. पंखांच्या टोकांवरचे दिवे आणि जादा फ्यूज हे उड्डाण रात्रीचं असेल तेव्हाच लागतात.

दिवसाच्या यादीत फारसं गूढ काही नाही. वेग दाखवणारा काटा, उंची दाखवणारा अल्टिमीटर, होकायंत्र, इंजिनाचे फेरे, ऑइलचा दाब आणि तापमान, प्रत्येक टाकीला इंधनाचा गेज, चाकं आत घेता येत असतील तर ती खाली आहेत की नाही ते दाखवणारा दिवा, सीटबेल्ट, आणि बहुतेक विमानांत अपघातानंतर आपोआप संदेश पाठवणारा ईएलटी. काही वस्तू विमानाच्या वयावर ठरतात. पुढच्या सीटना खांद्याचा पट्टा १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांना सक्तीचा आहे, त्याआधीच्यांना नाही. त्यामुळे १९७२ सालच्या एखाद्या सेसनात नुसता कमरेचा पट्टा दिसला, तर ते विमान लगेच बेकायदेशीर ठरत नाही. मात्र त्यात बसायचं की नाही, हा आपला प्रश्न.

आता आयएफआरची भर. अमेरिकेतले विद्यार्थी ती ‘ग्रॅब कार्ड’ अशा आद्याक्षरांच्या शब्दाने घोकतात: जनरेटर किंवा अल्टरनेटर, रेडिओ, अल्टिमीटर, बॉल, घड्याळ, कृत्रिम क्षितिज, वळणाचा वेग दाखवणारं यंत्र आणि दिशेचा जायरो. आठ वस्तू. घोकंपट्टीने परीक्षा सुटते. पण प्रत्येक वस्तू यादीत का आली हे कळलं, की बिघाडाच्या वेळी डोकं चालतं.

या आठांचा गाभा म्हणजे तीन जायरो, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्यावर चालणारी यंत्रं. कृत्रिम क्षितिज ढगाबाहेरचं क्षितिज आत आणून दाखवतं: नाक वर की खाली, पंख कोणीकडे कललेत. दिशेचा जायरो नाक कुठल्या अंशावर आहे ते स्थिरपणे दाखवतो. हे काम होकायंत्राला जमत नाही, कारण वळताना आणि वेग बदलताना ते डचमळतं. तिसरं वळणाचा वेग दाखवणारं यंत्र, बहुतेक विमानांत टर्न कोऑर्डिनेटर. त्यावर एक खूण असते. त्या खुणेवर ठेवलं, की विमान सेकंदाला ३ अंश वळतं आणि पूर्ण फेरी २ मिनिटांत होते.

क्षितिज आणि दिशा दोन्ही दिसत असताना वळणाचा वेग वेगळा कशाला? उत्तर पॅनलच्या मागे आहे. जुन्या पद्धतीच्या छोट्या विमानात क्षितिज आणि दिशा हे दोन्ही जायरो इंजिनावर बसवलेल्या व्हॅक्युम पंपाने ओढलेल्या हवेवर फिरतात, आणि टर्न कोऑर्डिनेटर विजेवर चालतो. पंप गेला तर वीज उरते, वीज गेली तर पंप उरतो. दोन्ही एकदम जाण्याची शक्यता कमी. यादी वाचताना हे कुठेच लिहिलेलं दिसत नाही, पण तिसऱ्या जायरोचं खरं काम राखीव खेळाडूचं आहे.

हा पंप मोडतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. कोरड्या पंपात कार्बनच्या पातळ पट्ट्या असतात. त्या झिजतात, इंजिनाचं तेल आत शिरलं तर चिकटतात, आणि एके दिवशी तुकडे होऊन पंप क्षणात बंद पडतो. आवाज नाही, धूर नाही. जायरो मात्र लगेच थांबत नाही. भोवरा विझताना जसा डुलत जातो, तसं क्षितिज मिनिटभर-दोन मिनिटं हळूहळू एका बाजूला झुकत जातं. पायलटला वाटतं विमान कललंय, आणि तो चांगलं सरळ चाललेलं विमान वाकडं करतो. म्हणून पंपाची ओढ दाखवणाऱ्या सक्शन गेजवर नजर हवी. सेसना १७२ वर काटा साधारण ४.५ ते ५.५ इंच पाऱ्याच्या दरम्यान असतो. गंमत म्हणजे हा गेज ९१.२०५ च्या यादीत नाहीच.

काट्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक पडदे आल्यावर हे चित्र बदललं. आजकाल अनेक जुन्या विमानांत व्हॅक्युम पंप काढून टाकतात आणि दोन इलेक्ट्रॉनिक क्षितिजं बसवतात. अमेरिकेच्या विमान नियामकाने, म्हणजे एफएएने, २००३ साली एका मार्गदर्शक परिपत्रकात याला वाट करून दिली: वळणाच्या यंत्राच्या जागी दुसरं क्षितिज चालेल. मात्र त्याचा वीजपुरवठा पहिल्यापेक्षा स्वतंत्र हवा, आणि बॉल जागेवर राहायला हवा. बॉल म्हणजे काचेच्या वाकड्या नळीतली गोळी, विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी. ना वीज लागते ना हवा. पॅनलवर इतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

अल्टिमीटर दिवसाच्या यादीतही आहे, मग पुन्हा का? कारण आयएफआरला साधा चालत नाही. हवेच्या दाबाप्रमाणे जुळवता येणारा, बारीक फरक दाखवणारा लागतो. दाबाच्या खिडकीत एक इंच चुकलं की उंची सुमारे १,००० फूट चुकते. भारतात शिकून गेलेल्यांची सवय हेक्टोपास्कलची आणि अमेरिकेत आकडा येतो इंचात. २९.९२ इंच म्हणजे १०१३.२५ हेक्टोपास्कल, एवढं तरी डोक्यात पक्कं असावं.

घड्याळाची अट सर्वात जास्त लोकांना अडवते. तास, मिनिटं आणि सेकंद दाखवणारं घड्याळ हवं, सेकंदकाटा असलेलं किंवा डिजिटल. आणि ते विमानात बसवलेलं हवं. कलम ‘विमानातलं उपकरण’ म्हणतं, त्यामुळे मनगटावरचं कितीही महाग असलं तरी धरत नाहीत. फोन तर नाहीच. जुन्या सेसनातली काट्यांची घड्याळं वर्षानुवर्षं बंद पडलेली असतात. त्यावर स्वस्त मार्ग आहे: पॅनलवर बसवलेला ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) किंवा जीपीएस सेकंदांसह वेळ दाखवत असेल, तर अट पूर्ण होते. घड्याळ हवं कशाला, तर काही अप्रोचमध्ये, म्हणजे यंत्रांवर धावपट्टीकडे उतरण्याच्या ठरलेल्या मार्गांत, एका खुणेपासून इतकी मिनिटं, इतके सेकंद उडून धावपट्टी दिसली नाही तर वर उठायचं, असा हिशोब असतो.

अल्टरनेटर ‘पुरेशा क्षमतेचा’ हवा. हवेत तो गेला तर बॅटरी किती वेळ टिकेल ते बॅटरीच्या वयावर आणि चालू ठेवलेल्या सामानावर ठरतं. ढगात तो हिशोब शांतपणे मांडायला कुणाला सवड नसते. म्हणून लो व्होल्टेजचा दिवा पेटला, की आधी नको ते सामान बंद करायचं आणि मग विचार करायचा.

रेडिओबद्दल कायदा फक्त एवढंच म्हणतो: दोन्ही बाजूंनी बोलता येणारा रेडिओ, आणि ‘जाण्याच्या मार्गाला योग्य’ दिशादर्शनाचं उपकरण. ‘मार्गाला योग्य’ या शब्दांत पोटभर मजकूर आहे. मार्ग व्हीओआर केंद्रांवरून, म्हणजे दिशा सांगणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून, जात असेल तर व्हीओआर रिसिव्हर किंवा मान्य जीपीएस. शेवटी आयएलएसने, म्हणजे धावपट्टीपर्यंत आणणाऱ्या रेडिओ किरणांवर, उतरायचं असेल तर त्याचा रिसिव्हर. जीपीएस असेल तर तो कुठल्या पिढीचा, हा पुढचा प्रश्न. वास नावाची उपग्रहांवरची दुरुस्ती वापरणारे नवे संच, म्हणजे टीएसओ सी१४५ किंवा सी१४६ प्रमाणपत्राचे, एकटे पुरतात. जुन्या सी१२९ संचाबरोबर दुसरं मान्य आणि चालू साधन विमानात असावंच लागतं. शिवाय उड्डाणाच्या वेळी पुरेसे उपग्रह दिसणार आहेत की नाही, हे आधी तपासावं लागतं. जीपीएसचा डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलतो, आणि अप्रोच उडायचा असेल तर सहसा तो मुदतीतला हवा. हातात धरायचा जीपीएस किंवा मांडीवरचा आयपॅड नकाशे बघायला उत्तम, पण या कलमाच्या हिशोबात त्याची किंमत शून्य.

ज्या वस्तू यादीत नाहीत त्यांचं काय? वर-खाली जाण्याचा वेग दाखवणारं व्हीएसआय यंत्र प्रत्येक विमानात दिसतं, पण ९१.२०५ मध्ये ते नाही. ऑटोपायलट नाही. वेग मोजणारी पिटो नळी गरम ठेवणारा हीटरसुद्धा नाही. तो बंद असताना शून्याखालच्या तापमानात ओल्या ढगात शिरलं तर नळीत बर्फ साचतो आणि वेगाचा काटा निरर्थक होतो. प्रवाशांना भाड्याने नेणाऱ्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत. इथे चाललंय ते खाजगी उड्डाणाचं.

आणि काही वस्तू या यादीत नसूनही लागतात, कारण त्या दुसऱ्या कलमांत बसल्यात. उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर मोठ्या विमानतळांभोवती ३० सागरी मैलांच्या वर्तुळात लागतो. बी आणि सी वर्गाच्या, म्हणजे गजबजलेल्या विमानतळांभोवतीच्या, हवेत लागतो. साधारण १०,००० फुटांच्या वरही लागतो. १ जानेवारी २०२० पासून जवळपास त्याच जागी एडीएस-बी आऊट सक्तीचं झालं, म्हणजे विमानाने स्वतःच आपलं स्थान सतत प्रसारित करायचं. फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ शिकणारा विद्यार्थी या वर्तुळातच जगतो. मॉन्टानातल्या एखाद्या शेतातल्या पट्टीवर याची गाठ पडेलच असं नाही.

उपकरण पॅनलवर आहे आणि चालतंय, एवढ्याने भागत नाही. त्याची तपासणीची तारीख उलटलेली नसावी. इथेच चांगले चांगले फसतात, कारण प्रत्येक तारखेची मोजायची रीत वेगळी.

अल्टिमीटर, स्टॅटिक नळ्या आणि उंची कळवणारी यंत्रणा मागच्या २४ कॅलेंडर महिन्यांत तपासलेली हवी. कॅलेंडर महिना म्हणजे तपासणी ५ मार्च २०२४ ला झाली असेल, तर ३१ मार्च २०२६ पर्यंत चालते. ट्रान्सपॉन्डरलाही २४ कॅलेंडर महिने, पण तो नियम वेगळा आणि व्हीएफआरलाही लागू. ईएलटीची तपासणी १२ महिन्यांत, शिवाय बॅटरी एकूण तासभर वापरली गेली किंवा निम्मं आयुष्य संपलं की बदलायची. वार्षिक तपासणी तर सगळ्यांनाच. व्हीओआरची तपासणी मात्र मागच्या ३० दिवसांत, आणि इथे दिवस म्हणजे दिवस. १ मार्चला केलेली तपासणी ३१ मार्चपर्यंत चालते, १ एप्रिलला नाही.

व्हीओआरची तपासणी पायलट स्वतः करू शकतो, मेकॅनिक लागत नाही. विमानतळावर खास तपासणीचं केंद्र असेल तर काटा ४ अंशांच्या आत हवा. जमिनीवर ठरवून दिलेल्या जागीही तेवढीच सूट. हवेत ठरलेल्या खुणेवर ६ अंश. विमानात दोन रिसिव्हर असतील तर दोन्ही एकाच केंद्रावर लावून एकमेकांशी पडताळायचे, फरक ४ अंशांपेक्षा जास्त नको. हा शेवटचा मार्ग सर्वात सोपा. मग तारीख, जागा, किती अंशांची चूक आणि सही, या चार गोष्टी लिहून ठेवायच्या. तपासणी केली पण लिहिली नाही, तर ती झालीच नाही असं धरतात. सगळं उड्डाण जीपीएसवरच करायचं असेल, तर व्हीओआरची ही तपासणी लागत नाही.

स्टॅटिक नळ्यांबद्दल थोडं थांबायला हवं. विमानाच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथून बाहेरच्या हवेचा दाब नळीने अल्टिमीटर, वेगाचा काटा आणि व्हीएसआयपर्यंत पोहोचतो. चाचणीत यंत्राने नळीतला दाब कमी करून अल्टिमीटर १,००० फूट वर नेतात, मिनिटभर थांबतात आणि काटा किती घसरला ते बघतात. १०० फुटांपेक्षा जास्त घसरला तर गळती आहे. मग अल्टिमीटरचा काटा एकेका उंचीवर तपासतात: समुद्रसपाटीला २० फुटांपर्यंत चूक चालते, १०,००० फुटांवर ८० फुटांपर्यंत. जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाला कळवली जाणारी उंची आणि काट्यावरची उंची यांत १२५ फुटांपेक्षा जास्त फरक नको. मेकॅनिकने रेडिओ बदलताना पॅनलमागची एखादी स्टॅटिक नळी काढून परत लावली, तर २४ महिने संपले नसले तरी गळतीची चाचणी पुन्हा करावी लागते. हा मुद्दा बरेचदा राहून जातो. नळी नीट बसली नाही तर बाहेरच्या दाबाऐवजी केबिनचा दाब यंत्रात जातो, आणि छोट्या विमानाच्या केबिनमध्ये तो सहसा थोडा कमी असतो. मग अल्टिमीटर असतो त्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. ढगातून उतरताना हाच फरक नको असतो.

आता एखादी वस्तू बंद असेल तर काय करायचं? अनेक छोट्या विमानांकडे बंद असल्या तरी चालणाऱ्या वस्तूंची अधिकृत यादी, म्हणजे एमईएल, नसते. त्यांच्यासाठी ९१.२१३ मध्ये चाळणी दिलीय. ती वस्तू विमानाच्या मूळ प्रमाणपत्रात आवश्यक आहे का? विमानाच्या पुस्तिकेतल्या उपकरणांच्या यादीत, किंवा कुठल्या प्रकारच्या उड्डाणाला काय लागतं या तक्त्यात, ती सक्तीची आहे का? ९१.२०५ किंवा दुसऱ्या कुठल्या नियमाने लागते का? सुरक्षेसाठी काढलेल्या एखाद्या आदेशात तिचं नाव आहे का? चारही उत्तरं ‘नाही’ आली, तर ती वस्तू काढून टाकायची किंवा निकामी करायची आणि तिच्याजवळ ‘निकामी’ अशी पट्टी लावायची. काढणं किंवा तार तोडणं हे दुरुस्तीचं काम असेल, तर मेकॅनिकने करून लॉगबुकात नोंद करायची. शेवटी पायलटने किंवा मेकॅनिकने ठरवायचं, की यामुळे धोका नाही.

याच चाळणीत आधीच्या गोष्टी पुन्हा येतात. व्हीएसआय ९१.२०५ मध्ये नाही म्हणून सुटला असं समजू नये. त्या विमानाच्या पुस्तिकेत तो सक्तीचा असू शकतो. पिटो हीटचंही तेच. जुन्या विमानाच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेख जाता जाता येतो, तर काही नव्या विमानांच्या तक्त्यात आयएफआरसाठी तो लागतोच. त्यामुळे एकाच तळावर उभ्या असलेल्या दोन सेसनांपैकी एक कायदेशीर आणि दुसरी बेकायदेशीर, असं सहज होऊ शकतं. कलम पाठ करून बसलेला विद्यार्थी परीक्षकासमोर अडखळतो तो इथेच, कारण त्याने पुस्तिका उघडलेली नसते.

घड्याळ बंद पडलं असेल तर निरभ्र आकाशात व्हीएफआर जाता येतं, फक्त पट्टी लावायची. आयएफआर नाही, मग तो ढग पाच मिनिटांचा का असेना. लँडिंग लाइट गेली आणि विमान भाड्याने चालत नसेल, तर ९१.२०५ प्रमाणे ती रात्रीसुद्धा लागत नाही. ट्रान्सपॉन्डर बंद असेल, तर नियंत्रकाकडे तेवढ्यापुरती सूट मागता येते. तो देईलच असं नाही. वाटेत आयएफआरवर असताना व्हीओआर रिसिव्हर गेला तर नियंत्रकाला लगेच सांगणं बंधनकारक आहे.

टॅक्सी करतानाच, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेतानाच, अर्ध्या गोष्टी कळतात. इंजिन सुरू झाल्यावर जायरोंना पूर्ण वेग घ्यायला सुमारे ५ मिनिटं द्यायची. डावीकडे वळलं की टर्न कोऑर्डिनेटर डावीकडे, बॉल उजवीकडे. क्षितिज ५ अंशांपेक्षा जास्त कललं तर शंका घ्यायची. दिशेचा जायरो होकायंत्राशी जुळवायचा. १५ मिनिटांत तो ३ अंशांपेक्षा जास्त सरकत असेल तर त्याचं आयुष्य संपत आलंय. अल्टिमीटरमध्ये विमानतळाने दिलेला दाब भरला, की काट्याने विमानतळाची उंची दाखवायला हवी. ७५ फुटांपेक्षा जास्त फरक असेल तर त्या विमानाने ढगात जाऊ नये.

शेवटची एक अट लॉगबुकात दडलेली असते आणि फार थोडे जण ती वाचतात. अल्टिमीटर तपासताना तो कुठल्या उंचीपर्यंत तपासला, हे तपासणाऱ्याने लिहिलेलं असतं, आणि नियंत्रित हवेत आयएफआरने त्याच्या वर जाता येत नाही. फ्लोरिडासारख्या सपाट भागात कुणी १०,००० फुटांपर्यंतच तपासून घेतलं तर काही अडत नाही. तेच विमान विकत घेऊन कुणी कोलोरॅडोला नेलं, रॉकीज ओलांडायला नियंत्रकाने १४,००० फुटांची परवानगी दिली, इंजिन दमदार आहे, हवा शांत आहे, घड्याळ टिकटिकतंय. तरीही ते विमान तिथे बेकायदेशीर आहे.